आईचं डिसेंबरचं तिकीट

न्यू जर्सी,
६ ऑगस्ट १९९६

ती. आईला नीलमचा नमस्कार. आप्पांनाही सांग.

परवा फोनवर काही बोलताच आलं नाही. फोन सोसायटीच्या ऑफिसात, आप्पा चेअरमनच्या खुर्चीत, आणि समोर खताच्या पोत्यांसाठी आलेलं निम्मं वडगाव रासाई. तिथे उभी राहून तू "बरं, बरं" याशिवाय बोलणार तरी काय? म्हणून सविस्तर लिहिते. हे पत्र एकटी असताना वाच.

डॉक्टरीण बाई म्हणाली, सगळं व्यवस्थित आहे. पाचवा लागलाय. मागच्या वेळचं मनात आणू नकोस असं मी स्वतःला रोज सांगते, तूही आणू नकोस. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यातली तारीख दिली आहे. आता कामाचं ऐक. तुझा व्हिसा उन्हाळ्यातच झालाय, तेव्हा अडचण फक्त तिकिटाची आहे, आणि ते आत्ताच काढायला हवं. इकडे डिसेंबरात नाताळची सुट्टी असते. अख्खी अमेरिका त्या दिवसांत आपापल्या घरी निघते, आणि इथली आपली माणसं भारतात जाऊन जानेवारीत परत येतात. महिनाभर विमानात पाय ठेवायला जागा नसते. म्हणून तू त्या गर्दीच्या आधी ये, डिसेंबरच्या तीन-चार तारखेला. पैसे हे पाठवतील.

इथे शेजारीपाजारी कुणी नाही. सासूबाई असत्या तर गोष्ट वेगळी होती. ह्यांना कंपनी सोमवारी दुसऱ्या गावी पाठवते ते शुक्रवारी परत आणते. मला भीती वाटते, आई. तू आलीस की वाटणार नाही. तारीख लगेच कळव.

तुझी
नीलम

*

वडगाव रासाई,
२७ ऑगस्ट १९९६

चि. नीलमला आईचा आशीर्वाद.

पत्र मिळालं. गोठ्यात बसून वाचलं, म्हशीखेरीज कुणी ऐकलं नाही. तब्येत बरी आहे वाचून जीव भांड्यात पडला. तूप खात जा. तिकडचं तूप कसलं असतं देव जाणे, पण खा.

तिकिटाची एवढी कसली घाई लावली आहेस? विमान म्हणजे काय एसटी आहे का, डिसेंबरातल्या जागेवर ऑगस्टात रुमाल टाकून ठेवायला? मी शिरूरला जाते तेव्हा गाडी दिसली की चढते, आजवर कधी मागे राहिले नाही. शिवाय इथे कामांचा डोंगर आहे. म्हैस व्यायला झाली आहे. सोसायटीची निवडणूक तोंडावर आहे, तुझे आप्पा दिवसाला वीस माणसं चहाला आणतात आणि स्वतः कप कुठे ठेवला तेही त्यांना आठवत नाही. माझी दाढ ठणकते आहे. हे सगळं मार्गी लागलं की बघू.

आणि एक सांगते, पत्रात तारखाबिरखा लिहीत जाऊ नकोस. तू खा, पी, चालत जा. जड उचलू नकोस. पुढचं पुढं.

तुझी
आई

*

न्यू जर्सी,
१४ सप्टेंबर १९९६

आई,

दाढ, म्हैस आणि निवडणूक! मुलीपेक्षा आधी तिघांचा नंबर लावलास. हसले मी वाचून, मग हसू आलं त्याचाच राग आला.

रुमालाचंच म्हणशील, तर हो, रुमालच टाकायचा आहे. फरक एवढाच की इथे गाडी निघायच्या चार महिने आधी सगळ्या जागांवर लोकांचे रुमाल पडलेले असतात. ह्यांच्या ऑफिसातल्या एका तेलुगू बाईने आईचं तिकीट जूनमध्येच काढलं. तिचं बाळंतपण फेब्रुवारीत आहे. मी परवा इथल्या एजंटाला विचारलं. तो म्हणाला, लंडनवरून येणारी विमानं आत्ताच भरत आली आहेत, दसऱ्यापर्यंत थांबलात तर नशीब, आणि दिवाळीनंतर विचारूच नका. हे मी तुला घाबरवायला लिहीत नाही.

तुला कळत नाही का मी का मागे लागले आहे? मागच्या वेळी मी माहेरी असताना सातव्या महिन्यात दौंडच्या दवाखान्यात सगळं संपलं, तेव्हा तू माझ्या उशाशी होतीस. माझ्या हातात काही आलं नाही, पण माझा हात तुझ्या हातात होता. मी त्या दिवसातून उठले ती त्याच्यामुळे. या वेळी सगळं चांगलं होणार आहे. पण चांगलं होतानाही मला तूच हवी आहेस. दुसरं काही मागत नाही.

तुझ्यावर विसंबून राहायचं नाही असं ठरवून मी विश्वजीतलाही आज पत्र टाकलंय. तो जागा धरून ठेवील. तू फक्त बॅग भर.

नीलम

*

दौंड,
५ ऑक्टोबर १९९६

ताई,

तुझं पत्र आल्याच्या दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून ज्ञानदेवकडे गेलो. स्टेशनसमोरचा ज्ञानदेव, पुण्याच्या एजंटाकडून तिकिटं काढून देतो तो. त्याने माझ्यासमोर पुण्याला फोन लावला. तीन डिसेंबरची मुंबईहून एक जागा होती. खिडकीजवळची. मी आईच्या नावावर धरून ठेवली. आठ दिवसांत पैसे भरायचे होते.

मोठ्या तोऱ्यात वडगावला गेलो, आईला सांगितलं. तिने चुलीवरची भाकरी उलटायची सोडून माझ्याकडे बघितलं. म्हणाली, "पैसं भरलंस?" मी म्हटलं, अजून नाही. "मग भरू नगंस." मला वाटलं पितृपक्ष आहे म्हणून. मी म्हटलं, "बरं, घटस्थापनेला भरतो. तवर ज्ञानदेव सांभाळील." तर म्हणाली, "घटस्थापनेला न्हाई, दसऱ्याला न्हाई. दिवाळी हू दे." मी म्हटलं, "आगं, तवर जागा ऱ्हाणार न्हाई. ताई तिथं एकली हाय." तर भाकरी करपली तशीच टाकून उठली आणि गोठ्यात गेली. मी मागं गेलो तर म्हशीच्या पाठीवर हात ठेवून उभी. "माझ्या नावानं काय काढलं असशील तर आजच्या आज मोकळं कर," म्हणाली. "माझी शप्पत हाय तुला."

शपथ घातल्यावर मी काय करणार? जागा सोडली. ज्ञानदेव म्हणाला, "सोडल्या सोडल्या गेली बघ."

मला विचारशील तर ती विमानाला घाबरते. किंवा आप्पांची निवडणूक संपेपर्यंत तिचा पाय निघत नाही. आप्पांना विचारलं तर ते म्हणाले, "बायकांच्या मधी मी न्हाई पडत." एवढं गाव चालवतात, पण आईपुढे चेअरमनचं काही चालत नाही.

तू रागावू नकोस. दिवाळी झाली की मी स्वतः तिला ज्ञानदेवच्या दारात नेऊन उभी करतो.

तुझा
विश्वजीत

*

न्यू जर्सी,
२२ ऑक्टोबर १९९६

आई,

विश्वजीतचं पत्र आलं. तू शपथ घालून तिकीट सोडायला लावलंस.

यायचं नसेल तर तसं स्पष्ट लिही. मी लहान नाही. आप्पांच्या माणसांना चहा कोण देणार, हा प्रश्न मोठा आहे, मला कबूल आहे. म्हशीला तुझ्याशिवाय कोण बघणार, तेही कबूल. पण मग मला दिवाळीची आशा लावून ठेवू नकोस. मी इथे रोज दुपारी टपालाची पेटी उघडून बघते, त्यात जाहिराती असतात. मी त्या जाहिराती वाचत बसते, कारण घरात दुसरं बोलायला कुणी नसतं.

मुलीचं बाळंतपण माहेरचं असतं, असं तूच सगळ्या गावाला सांगत आलीस. धुरपदाआत्याच्या सुनेला तिच्या आईने नेलं नाही, तेव्हा तू वर्षभर त्या बाईशी बोलली नव्हतीस. आता तुझ्याशी कुणी बोलायचं बंद करावं?

सातवा संपत आला. पाय सुजतात. बाकी बरं आहे.

नीलम

*

वडगाव रासाई,
२३ नोव्हेंबर १९९६

चि. नीलम, माझ्या बाळा,

तुझं पत्र ऐन दिवाळीत आलं. तू लिहिलंस ते मी ऐकून घेतलं. कुणी बोललं नसतं एवढं बोललीस, पण तुझा हक्क आहे. आता मी लिहिते ते तू ऐकून घे. आता लिहायला हरकत नाही, कारण तो महिना गेला.

मागच्या वेळी मी काय काय केलं होतं, आठवतं तुला? शिरूरच्या बाजारातून पाळणा आणला. तुझ्या सहाव्यातच आढ्याला बांधला. येईल त्या बाईला हाताला धरून दाखवला. बारशाला कुणाकुणाला बोलवायचं ते मोठ्यानं बोलले, तारीखसुद्धा धरली. शेजारची कस्तुराबाई म्हणाली होती, "विठाबाई, आधी कशाला गं एवढं?" मी तिलाच वेड्यात काढलं. मग दौंडहून तुला घरी आणलं तेव्हा पाळणा तसाच लटकत होता. तू बघायच्या आत मी पुढे धावले, स्टुलावर चढले आणि विळ्यानं दोर कापले. तुला तो दिसला नाही. मला अजून दिसतो.

तेव्हाच मी रासाईच्या देवळाच्या पायरीवर बोलले, पुन्हा असा दिवस आला तर जन्मल्याशिवाय काही म्हणजे काही करणार नाही. टोपडं शिवणार नाही, दुपटं काढणार नाही, नाव काढणार नाही. तुझं तिकीट तसंच होतं गं. त्याच्यावर तारीख लिहिलेली असते. अमुक दिवशी ही बाई नातवाला बघायला निघणार, असं कागदावर छापून कपाटात ठेवायचं, म्हणजे पुन्हा पाळणाच बांधायचा. तुला हे लिहिलं असतं तर तुझ्या मनात भीती घातली असती. भरल्या पोटी तुला काय सांगू? त्यापेक्षा म्हैस बरी, दाढ बरी. तू मला नावं ठेवलीस ती मी आनंदानं घेतली. रागावलेली मुलगी घाबरलेल्या मुलीपेक्षा धड असते, असं मला वाटलं.

सातवा पार पडला तशी मी मोकळी झाले. पाडव्याला पाटावर तुझी हिरवी साडी घडी करून ठेवली आणि तुझी समजून तिची ओटी भरली. पाच बायका बोलावल्या. सगळ्या रडल्या, मी नाही रडले. भाऊबीज झाली, ज्ञानदेवनं दुकान उघडलं, तशी विश्वजीतला म्हटलं, चल दौंडला.

ज्ञानदेव म्हणाला, "मावशी, आता आलाय व्हय? डिसेंबर कवाच संपला." मी म्हटलं, अजून सुरूदेखील झाला नाही. त्यानं पुण्याला चारदा फोन लावला. लंडनवरून नाही, दुबईवरून नाही, कुठून नाही. मी म्हटलं, "मी उभ्यानं येते. शिरूरपासून नाशकापर्यंत उभी गेलेली बाई हाय मी." दुकानातली माणसं हसली. मी चेष्टा करत नव्हते, नीलम. मला खरंच वाटलं होतं की सांगून बघावं.

नऊ जानेवारीची जागा मिळाली. त्याआधी कुणी सोडली तर आपला नंबर लागेल म्हणे. दर दोन दिवसांनी विश्वजीत विचारून येतो. तुझे आप्पा निवडणूक हरले. मला काही वाटलं नाही. एरवी वाटलं असतं.

तू लिहिलंस ते सगळं खरं आहे. चुकलंच माझं. पण आता आठवा चालू आहे, आणि माझा जीव म्हणतो की आता काही होत नाही. थोडा दम काढ. मी येते.

आई

*

वडगाव रासाई,
२४ डिसेंबर १९९६

नीलम,

जावईबापूंचा फोन सोसायटीत आला. आता नवा चेअरमन आहे, त्यानं माणूस पाठवून मला बोलावलं. सगळे बाहेर गेले आणि मला एकटीला आत सोडलं. एवढं त्यांना कळलं.

जावईबापू म्हणाले, आठ तारखेला मुलगा झाला, वेळेच्या आधी. त्याच्या काळजातच जन्मापासून दोष होता, आणि तो आठवडाभर पण नाही राहिला. मी म्हटलं, नीलमला द्या. ते म्हणाले, ती फोनवर येत नाही. आणि म्हणाली आहे, आईला सांगा आता नको येऊ.

मी विश्वजीतला सांगून नऊ तारखेची जागा सोडली. ज्ञानदेव म्हणाला, लगेच कुणीतरी घेतली. तू नको म्हणालीस म्हणून सोडली. खरं तर मला यायचं होतं, पण डिसेंबरच्या तिकिटाच्या वेळी मी माझ्या मनाचं केलं, आता तुझ्या मनाचं करते.

मला झोप नाही, जेवण नाही. कुणी विचारलं तर दाढ दुखते म्हणते. मी हिशोब घालत बसते. तीन तारखेला निघाले असते तर पाचला तुझ्या दारात असते. आठला तुझ्याजवळ असते. मी त्याला मांडीवर घेतलं असतं. मी काय वाचवलं, नीलम? मी तिकीट काढलं नाही, म्हणून काय वाचलं? मी ज्या दैवाला भीत होते त्यानं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

मला एवढंच कळव. तो दिसायला कुणासारखा होता? त्याला पहिली अंघोळ कुणी घातली? तुला पाणी गरम करून कुणी दिलं?

तू लिहिलं नाहीस तरी मी समजेन.

आई

*

न्यू जर्सी,
११ जानेवारी १९९७

आई,

तुझी दोन्ही पत्रं मी काल एकदम वाचली. नोव्हेंबरचं पत्र मी दवाखान्यात असताना आलं होतं. ह्यांनी टपाल उघडलंच नव्हतं, सगळं एका पिशवीत भरून ठेवलं होतं. ते मला आठ तारखेच्या आधी मिळालं असतं तर काय झालं असतं, मला सांगता येत नाही. तेच झालं असतं. डॉक्टर म्हणाले, हा दोष आधी कुणाला दिसला नसता आणि नंतर कुणाला दुरुस्त करता आला नसता. तेव्हा तू हिशोब घालणं सोड. तू असतीस तरी तो गेलाच असता.

पण तू असायला हवी होतीस. हे मी लिहिणार आहे, कारण मी तुझ्याशी खोटं बोलू शकत नाही. मला तुझा राग आहे. काल पत्र वाचल्यावर जाईल असं वाटलं होतं, गेला नाही. कळा सुरू झाल्या तो रविवार होता. हे घरी होते, गाडी ह्यांनीच काढली. पण आत नेल्यावर ज्या नर्सचा हात मी धरला तिची वेळ संपली, मग दुसरी आली. मी तिलाही धरलं. तिचंही नाव मला माहीत नाही.

तू विचारलंस ते सांगते. कपाळ आप्पांसारखं होतं, मोठं. केस खूप होते. अंघोळ नर्सने घातली. मला पाणी कुणी गरम करून दिलं नाही, इथे नळालाच येतं.

आता तुला एक सांगायचं आहे ते कुणालाच सांगितलेलं नाही. ह्यांच्या ऑफिसातल्या बायका ऑक्टोबरात मागे लागल्या होत्या. इथे बाळ व्हायच्या आधीच सगळ्या मैत्रिणी जमून कपडे, खेळणी, पाळणा भेट देतात. मी म्हटलं, मला बरं नाही. पुन्हा विचारलं, तेव्हा म्हटलं, आमच्याकडे आईच सगळं घेऊन येते. हे दोनदा दुकानात घेऊन गेले, दोन्ही वेळा मी पाय दुखतात म्हणून दारातूनच परत आले. त्याला पहिल्यांदा माझ्याजवळ दिलं तेव्हा नर्सने विचारलं, बाळाचे कपडे कुठे आहेत? आई, घरात एक लंगोट नव्हता. टोपडं नव्हतं, दुपटं नव्हतं. पूर्ण दिवस भरत आलेली बाई मी, आणि माझ्या घरात बाळाची म्हणून एक चिंधी नव्हती. तो होता तितके दिवस दवाखान्याच्या कापडात होता, आणि त्याच कापडात गेला.

मी तुला तिकिटासाठी टोचून टोचून लिहीत होते आणि स्वतः एक सुई-दोरा घरात आणत नव्हते. तू भीत होतीस तेच मी भीत होते. तू म्हशीचं नाव सांगितलंस, मी पायांचं. दोघींपैकी एकीने जरी लिहिलं असतं की बाळासाठी आधी काही करायचीच मला भीती वाटते, तर दुसरी म्हणाली असती, मलाही. मग निदान त्या पत्राच्या दोन्ही टोकांना माणूस तरी असतं. आपण दोघींनी एकमेकींपासून लपवलं, आणि ज्या दैवापासून लपवायचं होतं त्याला सगळं माहीतच होतं.

नको येऊ म्हणाले ते खरं होतं. मला वाटत होतं तू दारात उभी राहिलीस तर मी तुला विचारीन, आता कशाला आलीस? तू जागा सोडलीस याचंही मग वाईट वाटलं. माझं काही खरं नाही सध्या. हे सोमवारी पुन्हा त्या गावी गेले. मी दिवसभर पडून असते. अजून दूध येतं, आई. ते कसं थांबवायचं, ते इथे कुणी नीट सांगत नाही. तू सांगितलं असतंस.

ये तू. मी भांडेन तुझ्याशी, पण ये. इतकी धावपळ करून येण्यासारखं आता काही नाही. सुट्टीची माणसं या आठवड्यात सगळी परतली. हे एजंटाला विचारून आले. फेब्रुवारीत विमानं निम्मी रिकामी असतात म्हणे, म्हणशील त्या तारखेला जागा मिळते.

नीलम